इंचचं पूर्ण नाव

६ ऑगस्ट, रविवार

डीकनला पदक! यंदाच्या राष्ट्रीय सन्मानांच्या यादीत त्याचं नाव आहे — "संगीताच्या सेवेबद्दल". संस्कृती खात्याच्या सचिवबाईंनी सकाळी फोनवर दुजोरा दिला. मी मुद्दाम पूर्ण नाव वाचून दाखवलं. एव्हरल्ड पिनॉक, ऊर्फ रॅचेट डीकन. म्हटलं, दुसरा कोणी निघाला तर बरं. "तोच, मिस मिनॉट," म्हणाल्या. "तुम्ही ओळखत असाल ना त्यांना?"

ओळखते. आमच्याच पिमेंटो लेनचा. नळावर माझी बादली पायाने सरकवून स्वतःची लावायचा.

हेरॉनसाहेबांना बातमी दिली, तर सुट्टीच्या दिवशी संपादकमहाशय एकदम खुशीत. दर रविवारी एका मानकऱ्यावर पूर्ण पान द्यायचं ठरलंय. डीकन सत्तावीस तारखेला. "तुम्हीच लिहा, तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? गल्लीपासून गव्हर्नरच्या बंगल्यापर्यंत. आणि ‘वादग्रस्त’ हा शब्द घाला — पण एकदाच."

दुपारी आईकडे गेले. रेडिओ उशाशी असतोच, त्यामुळे तिने आधीच ऐकलं होतं. बाहेर स्वातंत्र्यदिनाचे झेंडे, पोरांच्या पिपाण्या. "एव्हरल्डला माझ्या हातचं पॉरिज आवडायचं," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बंद कर तो रेडिओ."

७ ऑगस्ट, सोमवार

पहिलं वाक्यच सुचत नाही. इतकी वर्षं या धंद्यात आहे, मंत्री मेला तरी चहा थंड व्हायच्या आत लिहून देते. हे काय भलतंच!

८ ऑगस्ट, मंगळवार

पेपरात छापता येणार नाही ते इथे लिहून टाकते. मग कदाचित उरलेलं सुचेल.

एव्हरल्ड पिनॉक सतरा वर्षांचा असताना खिशात घडीची सुरी घेऊन फिरायचा आणि स्पीकर रचून गाणी वाजवणाऱ्या गल्लीतल्या साउंडवर माइक मिळावा म्हणून मोठ्यांची स्पीकरची खोकी उचलायचा. असल्या सुरीला आमच्याकडे रॅचेट म्हणतात, तेच नाव पडलं. आवाज होता, जीभ होती, पण असले दहा जण प्रत्येक गल्लीत. त्याला वेगळा केला माझ्या भावाने.

व्हर्नल. गळ्यात कायम टेप. कपडा बेतताना म्हणायचा, "एक इंच जास्त ठेवतो, पुढे लागेल." म्हणून सगळी गल्ली त्याला इंच म्हणायची. त्याने एव्हरल्डला काळा लांब कोट शिवून दिला, चर्चमधल्या डीकनसारखा. पांढरी कॉलर, ऐन उन्हाळ्यात! पोरगा तो घालून माइकवर आला तेव्हा लोक आधी हसले. मग त्याने प्रार्थनेच्या चालीवर शिव्या सुरू केल्या आणि लोकांनी घरून आणलेली पातेल्यांची झाकणं आपटली. परत लाव, परत लाव! त्या दिवसापासून रॅचेट डीकन.

म्हणजे अर्धं नाव सुरीने दिलं आणि अर्धं इंचने. हे वाक्य छान आहे. छापणार नाहीत.

९ ऑगस्ट, बुधवार

पुढचं.

सहा-सात वर्षं डीकन वर चढत गेला. मग एका सामन्यात, दोन साउंड समोरासमोर, हजारो लोक, समोरच्या गायकाने माइकवर विचारलं, "डीकन, तुझं माप कोण घेतो रे? आणि कुठे कुठे घेतो?" सगळं मैदान हसलं. डीकनला उत्तर सुचलं नाही. त्याच्या आयुष्यात तेवढी एकच वेळ असेल.

पुढच्या आठवड्यात गाणं आलं. ‘इंच’. मोजा त्याला, कापा त्याला, गल्लीबाहेर टाका त्याला, जाळा त्याला. स्वतःवरचा संशय झटकायचा होता, म्हणून आपल्या शिंप्यावर ढकलला. व्हर्नल तसला, म्हणजे पुरुषांवर प्रेम करणारा, होता का? होता. आईला माहीत होतं, मला माहीत होतं, डीकनलाही माहीत होतं, आणि तोवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. गाणं आल्यावर बिघडलं.

दुकान जाळलं. आगीत त्याची कात्री वितळली नाही, त्याच कात्रीने त्याला मारलं. हात मोडला. शेजारच्या मिस आयसिल्डाने त्याला कोळशाच्या गाडीत पोत्यांखाली घालून बाहेर काढला. मग माँटेगो बे, मग टोरांटो. तिथे बस चालवतो. परत सुई हातात धरली नाही.

अठ्ठावीस वर्षं. आईने त्याला फोनवर पाहिलंय फक्त.

लोक म्हणतात वादग्रस्त कलावंत. वाद म्हणजे दोघं बोलतात. दुकान काय बोललं?

११ ऑगस्ट, शुक्रवार

आई गेली. सकाळी, चहाच्या आधी. आयसिल्डा जवळ होती, मी नव्हते.

१२ ऑगस्ट, शनिवार

व्हर्नलला फोन. आई गेल्याचं सांगितलं. मग तो म्हणाला, "त्रास झाला का तिला?" म्हटलं, नाही. म्हणाला, "बरं."

दफन सव्वीसला ठरलंय म्हणून सांगितलं. बर्मिंगहॅमचे मावसभाऊ तोवर पोचतील. विचारलं, "येतोस ना?"

"बघतो."

"बघतो म्हणजे?"

"म्हणजे बघतो, एव्ही."

आपल्या आईला माती द्यायला यायचं, तर माणूस "बघतो" म्हणतो! कोणामुळे? फोन ठेवल्यावर मी भिंतीवर हात आपटला. साठी आली, हात दुखतोय.

१४ ऑगस्ट, सोमवार

अंगणात रीतीप्रमाणे रोज माणसं येताहेत. ॲकीच्या झाडाखाली डॉमिनोजचं टेबल लागलंय, आयसिल्डा मासे तळतेय, रमची बाटली फिरतेय. गल्लीतल्या पोरांनी प्रेमाने स्पीकर आणून लावले. "मिस एनिडला शांततेत थोडंच पाठवणार!" आधी भजनं. मग जुनी गाणी. मग ते.

आईच्या अंगणात! ते!

आणि सगळी नाचायला लागली. ‘इंच’चा नाच गेल्या वर्षीपासून फोनवर फिरतोय ना — दोन हात टेप ओढल्यासारखे ताणायचे, मग कापायचं. शाळेच्या गणवेशातल्या पोरी नाचत होत्या. चर्चच्या बायका पाय हलवत होत्या. मी जाऊन गाणं बंद करायला लावलं. लावणारा बिचारा घाबरला. "मिस एव्हिस, काय चुकलं? घाण शब्द तर कापलेलं आहे हे."

"इंच कोण, माहीत आहे का तुला?"

"कोण म्हणजे? स्टेप आहे ती."

एक पोरगी म्हणाली, "कमरेचा इंच ना, मिस? बारीक व्हायचा?"

सगळे हसले. वाईट मनाने नाही. त्यांना माहीतच नाही! ज्यांनी जाळलं ते मेले, नाहीतर न्यूयॉर्कला गेले. त्याला मारला, हाकलला, आणि वर विसरूनही गेले. त्याच्या नावाचा व्यायाम झाला.

आयसिल्डा म्हणाली, "जाऊ दे ना, एव्ही. विसरलेत तर विसरू दे."

मला तिचाच राग आला.

१५ ऑगस्ट, मंगळवार

हेरॉनसाहेब म्हणाले, आई गेली आहे, पान दुसऱ्याला देऊ का? म्हटलं, नाही. उद्या मुलाखत ठरली आहे, मीच जाणार.

१६ ऑगस्ट, बुधवार

डीकनचं घर वर डोंगरात. फाटकावर सिंहाचे दोन पुतळे, एकाचा कान तुटलेला. दार त्याच्या मुलीने उघडलं. शँटोल. हीच त्याचं सगळं बघते. हातात दोन फोन.

तो व्हरांड्यात. जाडा झालाय. गुडघ्यावर उशी. मला बघून उठला, हे मान्य करायला हवं.

"मिस एनिडचं कळलं. फार वाईट वाटलं."

"आभारी आहे."

"माझ्या आईने मारलं की मी तुमच्याकडे पळत यायचो. पॉरिज. दालचिनी जास्त घालायची."

मी वही उघडली. नेहमीचे प्रश्न, नेहमीची उत्तरं. पहिलं गाणं. पहिली गाडी. लंडन आणि ॲमस्टरडॅमने कार्यक्रम रद्द केले ते वर्ष. अमेरिकेचा व्हिसा गेला ते वर्ष. मग तो प्रसिद्ध कागद — तिकडच्या आयोजकांसमोर सही केली की असली गाणी पुन्हा गाणार नाही, आणि त्याच नाताळात इथे स्टेजवर ‘इंच’ गायला. लोकांनी तीनदा परत म्हणायला लावलं.

"सही तिकडची होती," तो म्हणाला. "गाणं इकडचं."

मग बेकायदा पिस्तूल, तुरुंग, बायबल घेऊन बाहेर येणं, भक्तिगीतांची तबकडी जी कोणी घेतली नाही. मग पोरांनी फोनवर नाच सुरू केला आणि डीकन पुन्हा वर.

"आता एक शेवटचं," मी म्हटलं. "इंच."

"छान चालतंय. नाचामुळे."

"गाणं नाही. माणूस."

शँटोल फोनवरून वर बघायला लागली. "कोण माणूस, डॅडी?"

म्हणजे तिलाही माहीत नाही!

तो डोंगराकडे बघत होता. "कसा आहे तो?"

"आईच्या मातीला येत नाहीये. तुझ्यामुळे."

"मी मागे घेतलंय, एव्ही. पेपरात आलंय. तूच छापलंस."

"पेपरात! पिमेंटो लेनमध्ये पेपर कोण वाचतं? कागदावरचं तिकडच्या गोऱ्यांसाठी होतं. आमच्याकडे जे स्पीकरमधून येतं तेच खरं. तू स्पीकरमधून म्हणालास ना जाळा? मग स्पीकरमधूनच मागे घे."

"म्हणजे?"

"स्पेशल काढ. व्हर्नलच्या नावाने."

शँटोलने भुवया उचलल्या. या धंद्यात स्पेशल म्हणजे काय ते मी तिला शिकवायला नको: तेच गाणं, तीच चाल, पण एकासाठी, त्याचं नाव घालून, एकच प्रत. ज्याच्या नावाने काढलं त्याची ती मालमत्ता, त्याच्या परवानगीशिवाय कोणी वाजवत नाही. डीकनने ‘इंच’ची अशी स्पेशल शेकड्याने काढली असतील, जपानच्या साउंडसाठी, जर्मनीच्या साउंडसाठी, प्रत्येकात इंचच्या जागी प्रतिस्पर्ध्याचं नाव. माझ्या भावाच्या जागेवर जगभरच्या माणसांना उभं करून झालं. आता त्याच्या जागेवर त्यालाच उभं कर म्हटलं.

"विचार करतो," म्हणाला.

परत येताना गाडीत रडले. आईसाठी की रागाने, ठरवता आलं नाही.

१७ ऑगस्ट, गुरुवार

लेखाचा अर्धा मजकूर झाला. थंड, नीट, तारखांसकट. एक ‘वादग्रस्त’ घातला. तो शब्द पाटावरच्या पाहुण्यासारखा बसलाय.

१९ ऑगस्ट, शनिवार

शँटोलचा फोन. "मिस मिनॉट, डॅडी तयार आहेत. बुधवारी स्टुडिओत."

तिचा आवाज गोड होता. का, ते मला कळतं. रेडिओवर दोन दिवस फोन येताहेत — असल्या माणसाला पदक कशाला? पाद्री एका बाजूने, वकील दुसऱ्या बाजूने. ऑक्टोबरपर्यंत पदक हातात पडायचंय, तोवर डीकनला थोडा पश्चात्ताप दाखवणं सोयीचंच. कळतं सगळं. तरी घेतलं. म्हटलं, एकच प्रत. शुक्रवारी संध्याकाळी आईच्या सेट-अपला, म्हणजे दफनाच्या आदल्या रात्रीच्या जागरणाला, अंगणात वाजेल, एकदा, बस्स.

"अर्थात, मिस मिनॉट. रीत आम्हालाही माहीत आहे."

२० ऑगस्ट, रविवार

व्हर्नलला सांगितलं नाही. झालं की ऐकवीन. फोनवर फक्त विचारलं, "काही ठरलं?" म्हणाला, "चाललंय." मागे सूटकेसच्या चाकांसारखा आवाज. बसडेपोत असेल.

२१ ऑगस्ट, सोमवार

शवपेटी. पांढरी. आयसिल्डाचं म्हणणं पितळी कड्या हव्यात. हव्या तर हव्या.

२३ ऑगस्ट, बुधवार

झालं! लिहिते.

मी सकाळपासून स्टुडिओत होते. आयसिल्डाला म्हटलं, अंगण तू सांभाळ. खोली लहान, एसी गळत होता, खाली बादली. डीकन हेडफोन लावून काचेमागे उभा राहिला. कागद नाही, त्याने आयुष्यात कधी लिहून गायलं नाही. गुणगुणला, थांबला, पुन्हा गुणगुणला. मग यंत्रावरच्या माणसाला म्हणाला, संगीत सोडा.

चाल तीच. अठ्ठावीस वर्षं मला टोचणारी. तो गायला — "इंच, माझ्या भावा, चूक माझी होती." चांगलं होतं. आवाज थोडा फाटला, तोही चांगला.

मी काचेवर टकटक केली.

"इंच नाही. पूर्ण नाव."

त्याने हेडफोन काढला. "काय?"

"इंच कोणाला माहीत आहे आता? स्टेप आहे ती. पूर्ण नाव घे. आणि गल्ली. आमच्या पेपरात चूक दुरुस्त करतात तेव्हा नाव पूर्ण लिहितात, पत्त्यासकट. नाहीतर ती दुरुस्ती नाही. आणि तुमच्यात तरी, नाव न घेतलेलं स्पेशल कोणी स्पेशल म्हणतं का?"

"नाही म्हणत," तो म्हणाला. खरंच आहे ते.

मग काचेपलीकडून माझ्याकडे बघत राहिला. "त्याला विचारलंस?"

"मी त्याची बहीण आहे."

"ते मला माहीत आहे. त्याला विचारलंस का?"

"अठ्ठावीस वर्षांपूर्वी तू विचारलं होतंस?"

त्याने हेडफोन लावला. "तू म्हणशील तसं, मिस एव्हिस."

आणि एका दमात गायला —

व्हर्नल मिनॉट, पिमेंटो गल्ली,
तुझ्या दाराला आग मी लावली.
शब्द माझा होता, काडी दुसऱ्याची —
ये रे, माती दे आईला तुझ्या हातची.

यंत्रावरच्या माणसाने डोळे पुसले. शँटोल फोनवर काहीतरी करत होती. डीकन बाहेर आला, घामाघूम. "बस?" म्हटलं, बस. हात पुढे केला त्याने. मी धरला. धरायचा नव्हता, पण धरला गेला.

जिंकले असं वाटायला हवं होतं. वाटलंही थोडा वेळ. घरी येताना वाटेत गाडी थांबवून व्हर्नलला गाणं पाठवलं. खाली लिहिलं: आता तरी ये.

उत्तर नाही. कामावर असेल.

२४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी टॅक्सीत रेडिओ. "आणि आता, फक्त आमच्याकडे, डीकनचा माफीनामा!" मग ते. व्हर्नल मिनॉट, पिमेंटो गल्ली. टॅक्सीवाला म्हणाला, "काय जबरदस्त काढलंय! परत लावा रे!"

शँटोलला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. उचलला. "मिस मिनॉट, ते फुटलं कसं, आम्हालाही कळत नाही."

"रीत माहीत आहे म्हणालीस."

"पण लोकांना किती आवडलंय बघा ना!"

डीकन फोनवर आला. "तिने केलंय," म्हणाला. "मी नाही. पण परत कसं घेणार आता?" स्वतःचं वाक्य स्वतःलाच ऐकू आलं असावं. मग म्हणाला, "शनिवारी चर्चमध्ये येऊन गातो. निदान समोर उभा राहून गातो." मी नको म्हणायच्या आत शँटोलने फोन घेतला, वेळ विचारायला.

कचेरीत टाळ्या! हेरॉनसाहेबांनी पहिल्या पानावर घेतलं. आमच्या नियमाप्रमाणे: व्हर्नल मिनॉट, ५६, मूळ राहणार पिमेंटो लेन, हल्ली टोरांटो. हल्लीचं गाव मी नाही सांगितलं. कोणीतरी शोधलं. "मिस मिनॉट, तुम्ही तर एका गाण्याने इतिहास बदलला," म्हणाले. "आता रविवारच्या पानात ‘वादग्रस्त’ हवा तितक्या वेळा घाला!"

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी घोळका. मी जाताना आवाज ऐकले.

"म्हणजे इंच खरा माणूस होता?"

"मिस एनिडचा पोरगा. तसला."

"येतोय म्हणे."

"येऊ दे की."

"येऊ दे म्हणजे? बघू तर खरं, कसा दिसतो."

दोघं रंगाचा डबा घेऊन उभे होते, भिंतीवर स्वागत लिहायचं म्हणून. त्यांच्या पलीकडे एकजण थुंकला. कोणासाठी थुंकला, विचारलं नाही.

व्हर्नलचा फोन बंद.

आयसिल्डा दाराशी उभी होती. माझ्याशी बोलली नाही. मासे साफ करत राहिली.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

आयसिल्डा आज दुपारी बोलली. अंगण सेट-अपसाठी झाडून झाल्यावर, झाडू हातातच.

व्हर्नल आला होता. मंगळवारी उतरला, न्यू किंग्स्टनला खोली घेतली. बुधवारी मी स्टुडिओत होते तेव्हा तो या झाडाखाली डॉमिनोज खेळत होता. "टोरांटोचा पाहुणा" म्हणून. कोणी ओळखलं नाही. आयसिल्डाने बघताक्षणी ओळखलं, तर त्याने बोट ओठांवर ठेवलं. पाच मासे खाल्ले. गाणं लागलं, पोरी नाचल्या, तर उठून म्हणाला, "असं नाही गं, टेप असा धरतात," आणि हात धरून शिकवलं! आयसिल्डा म्हणाली, इतका हसला, इतका हसला. मग शवागारात जाऊन आईजवळ बसला. शनिवारी पहिल्या बाकावर येऊन बसणार होता, माझ्या शेजारी. मला चकित करायचं होतं.

आज सकाळच्या विमानाने परत गेला.

"गल्लीत कोणी हात लावला असता असं नाही," आयसिल्डा म्हणाली. "पण त्याला ते कसं कळावं?"

आत्ता फोनवर त्याचा निरोप आला. विमानतळावरचा असणार, मागे घोषणा ऐकू येतात. "एव्ही, आईला भेटलो. छान दिसते. गाणं ऐकलं, डीकन चांगला गायलाय. पण नाव कशाला घातलंस गं? इंच इथे कधीच मेला होता. म्हणून तर मी आलो होतो."

उद्या अकराला चर्च. डीकन साडेदहाला पोचेल, कॅमेरे घेऊन. गल्ली भरून जाईल म्हणतात.